पायरवाची साक्ष

पियानो घडविणाऱ्या कारागिरांनी तीन शतके एका गोष्टीसाठी जिवाचे रान केले. वाद्यातून सूर निघावा, वाद्याच्या यंत्राचा आवाज मात्र निघू नये, ही ती गोष्ट होय. लाकडावर लाकूड घासून करकर होते म्हणून त्यांनी मध्ये कातडे घातले. कातडे कालांतराने कडक होते म्हणून लोकरीचा नमदा घातला. सांध्यांना ग्रॅफाइटची पूड चोळली. आणि आज ज्या वाद्यात लाकूड नाही, कातडे नाही, नमदा नाही, किंबहुना तारही नाही, अशा संगणकातल्या आभासी पियानोचा विक्रेता मोठ्या प्रौढीने सांगतो की, आमच्या वाद्यात पेडल दाबताना होणारी करकर, ते सोडताना होणारा 'धप्' असा आवाज आणि तारांवरच्या गाद्या एकदम वर उठताना येणारा सुस्कारा, हे सारे हुबेहूब ऐकू येते. हा आवाज किती मोठा असावा हे ठरविण्यासाठी पडद्यावर एक सरकती खूण दिलेली असते. ती डावीकडे नेली की पियानो नुकताच कारखान्यातून आल्यासारखा निमूट. उजवीकडे नेली की कुणा जुन्या घराच्या दिवाणखान्यात दोन पिढ्या राबलेला.

ही खूण आम्ही एकदा स्वतःच्या हाताने उजवीकडे सरकवली. पुढे जे घडले ते मनातून जात नाही, म्हणून हे लिहावयास बसलो आहोत. ज्या वाचकांचा पियानोशी परिचय नाही त्यांनी थोडा धीर धरावा. पेडल म्हणजे काय हे समजल्यावाचून आमच्या हातून काय घडले ते ध्यानात यावयाचे नाही.

पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि सुमारे दोनशे तीस तारा असतात. प्रत्येक सुराच्या तारांवर नमद्याची एक गादी टेकलेली असते. तिला डॅम्पर म्हणतात. पट्टी दाबली की गादी उठते, हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. पट्टी सोडली की गादी खाली येऊन सुराचे तोंड बंद करते. वरच्या टोकाच्या वीसेक सुरांना मात्र गादी नसते. ते इतके अल्पायुषी असतात की त्यांना गप्प करण्याची गरजच पडत नाही. उजव्या पायाखालचे पेडल दाबले असता सगळ्या गाद्या एकदम वर उचलल्या जातात. बोट उचलल्यावरही सूर चालू राहतो, हा त्याचा उघड परिणाम. पण खरी गंमत पुढेच आहे. आता वाद्यातली प्रत्येक तार मोकळी झालेली असते, आणि एक सूर वाजविला तर त्याच्याशी नाते असलेल्या साऱ्या तारा, कुणी स्पर्श न करता, थरारू लागतात. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफेच्या तारा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही. सारंगियाने गजाने एक सूर छेडला की खालच्या तरफा आपण होऊन बोलतात. पियानोचे पेडल दाबणे म्हणजे सबंध वाद्याच्या तरफा करून टाकणे होय.

ही सोय पायाशी यावयास बराच काळ गेला. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या १७०० सालच्या वाद्यसूचीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांचा पियानो नोंदलेला आहे. पुढे जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी सगळ्या गाद्या एकदम उचलण्याची युक्ती काढली. पण ती हाताने खुंटी ओढून करावी लागे, आणि वाजविणाऱ्याला हात दोनच! नंतर ती गुडघ्याने चालू लागली. १७७७ च्या ऑक्टोबरात मोझार्टने आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात स्टाइन यांच्या पियानोतल्या या गुडघ्याच्या पट्टीची मनापासून तारीफ केली आहे. पायाने दाबण्याच्या पेडलांचे पेटंट १७८३ साली लंडनच्या जॉन ब्रॉडवुड यांनी घेतले. बेटहोफेनने १८०१ साली रचलेल्या आणि पुढे 'मूनलाइट' या नावाने ओळखल्या गेलेल्या सोनाटाचा पहिला भाग डॅम्परांवाचून, म्हणजे गाद्या उचलूनच, वाजवावा असे लिहून ठेवले. त्याच्या काळच्या पियानोत सूर लवकर विरत, म्हणून ते शोभून जाई. आजच्या पियानोत बिडाची एकसंध चौकट अठरा ते वीस टन ताण तोलून धरते आणि सूर दीर्घकाळ टिकतो. तेथे ती सूचना अक्षरशः पाळली तर सारे सूर एकात एक कालवले जाऊन गढूळ होतात. म्हणून जाणते वादक पेडल अर्ध्यावर धरतात, किंवा हलकेच पुनःपुन्हा बदलतात. म्हणजे आज्ञेचे अक्षर मोडतात आणि आशय राखतात. यात शंभरातले नव्याण्णव काम कानाचे आहे. पाय केवळ कानाचा सेवक.

हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. सासष्टीतील एका गावी आम्ही लहानपणी दोन वर्षे पियानो शिकावयास जात असू. शिकविणारे गृहस्थ चर्चच्या गायनवृंदाचे चालक. सारा गाव त्यांना 'मेस्त' म्हणे. त्यांच्याकडे एक उभा पियानो होता, पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेला. खाऱ्या हवेने त्याच्या तारांवर तांबेरा चढे. पावसाळ्यात नमदा ओल धरी. म्हणून जून ते सप्टेंबर त्याच्या पोटात एक विजेचा दिवा अहोरात्र जळत असे. दिवा असूनही पेडल करकरे. मेस्त पियानोपासून दूर खिडकीशी उभे राहून, पाठ फिरवून ऐकत, आणि पाय उशिरा सुटला की नेमके तेथे हात वर करीत. त्यांचा पाठ असा होता: नवा सूर बोटाखाली वाजला त्याच क्षणी पेडल सोडायचे, आणि जुना सूर निवाला असे कानाला कळताच पुन्हा दाबायचे. सुराबरोबर पाय खाली नेला तर जुन्या सुराचा गाळ नव्यात येतो. आधी सोडला तर मध्ये भोक पडते. आम्हांस हे कधीच नीट साधले नाही. आमच्या पावलाला घाई फार.

त्यांच्या स्वतःच्या रचनांच्या हस्तलिखितांत पेडलाची खूण एकही नव्हती. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले होते की, खोली कशी आहे, माणसे किती बसली आहेत, पाऊस आहे की ऊन, हे कागदाला कसे कळणार?

आता संगणकाकडे वळू. वाद्ये आणि संगणक यांनी आपसांत बोलावे कसे, याची 'मिडी' नावाची संकेतभाषा १९८३ साली रूढ झाली. त्या भाषेत पेडलाला चौसष्टावा क्रमांक मिळाला आणि त्याच्या स्थितीला शून्य ते एकशेसत्तावीस असे अंक मिळाले. साध्या वाद्यांत मात्र त्रेसष्टपर्यंत पेडल 'सुटलेले' आणि चौसष्टपासून 'दाबलेले', एवढाच विवेक. मधले काही नाही. मेस्तांनी ज्या अर्ध्या इंचात आयुष्य घालविले, तो अर्धा इंच येथे दिव्याच्या बटनासारखा झाला. अशा पेडलावर शिकलेले मूल पुढे खऱ्या पियानोवर बसले की त्याचे पाऊल धाडधाड वरखाली होते. त्याचा त्यात दोष नाही. त्याला दोनच शब्द शिकविले गेले: हो आणि नाही.

पुढे सुधारणा झाली, आणि ती थोडी नव्हे. पेडलाच्या मधल्या अवस्था वाचणारी साधने आली. सूर निर्माण करण्याचेही दोन पंथ झाले. एका पंथाचे लोक उत्तम पियानो आणून त्याचा प्रत्येक सूर, हळू, मध्यम, जोराने असा, ध्वनिमुद्रित करून ठेवतात, आणि पेडल दाबलेल्या अवस्थेत पुन्हा निराळा मुद्रित करतात. असा संग्रह दहा-दहा, वीस-वीस गिगाबाइट जागा अडवितो. दुसऱ्या पंथाचे लोक काहीच साठवीत नाहीत. तार, हातोडी, फळी यांचे गणित मांडून सूर त्याच क्षणी काढतात. फ्रान्सातील तुलूझ येथून २००६ साली निघालेले 'पियानोटेक' हे या जातीचे.

या दोहोंतला भेद पारखण्याची एक सोपी युक्ती आहे. मधला 'सा' आवाज न करता, अलगद दाबून धरावा. म्हणजे त्याची गादी उठून तार मोकळी होते. मग खालच्या सप्तकातला 'सा' जोराने वाजवून लगेच सोडावा. खऱ्या पियानोत खालचा सूर बंद पडतो, आणि ज्या पट्टीवर घाव पडलाच नाही तिची तार मंदपणे बोलत राहते. शोनबर्गने १९०९ साली आपल्या अकराव्या कृतीतील पहिल्या पियानोखंडात हाच परिणाम योजला आहे. आभासी पियानोत हे घडावयाचे तर कोणती तार मोकळी आहे आणि कोणता सूर तिला हाक मारीत आहे याचा हिशेब प्रतिक्षणी मांडावा लागतो. केवळ साठवलेल्या मुद्रणाने भागत नाही. दुसरी कसोटी पेडलाची. सूर वाजवून पट्टी सोडावी, आणि सूर पुरता विझण्यापूर्वी पेडल दाबावे. खऱ्या पियानोत जे शिल्लक असेल ते झेलले जाते. जुन्या यंत्रांत पट्टी सुटली की सूर मेला, पेडल मागाहून आले तरी त्याला काही गवसत नसे. आजची चांगली वाद्ये हेही झेलतात.

हा अनुनाद संगणकाने मांडलेला असला तरी आम्हांला तो लबाडीचा वाटत नाही, हे येथेच सांगून टाकतो. आपण जे केले त्याला तो उत्तर देतो. चुकीचे पेडल धरले तर तो खऱ्या पियानोसारखाच गढूळ होतो आणि वाजविणाऱ्याला लाज वाटावयास लावतो. मैफलीत पेटीएवढ्या यंत्रातून वाजणाऱ्या तंबोऱ्याबद्दल आमची तक्रार नेमकी उलट आहे. त्याचा सूर वाईट नसतो. पण गवई सुराला लागला काय आणि न लागला काय, त्याला त्याचे सोयरसुतक नसते. लाकडी तंबोऱ्याच्या तारा गवयाचा आवाज ऐकून किंचित हलतात. ज्याला ऐकू येते तो तंबोरा आणि ज्याला येत नाही तो भोंगा, एवढी कठोर विभागणी आम्ही कधी काळी केली होती. आता तितके कठोर राहवत नाही, कारण घरोघर रियाज चालतो तो त्या पेट्यांवरच.

मेस्त वारले त्याला काही वर्षे झाली. पहिल्या वर्षदिनी गावात लहानसा कार्यक्रम ठरला आणि त्यांची एक रचना ऐकवावी असे आम्ही सुचविले. तिचे मुद्रण कुठेच नव्हते. होते ते केवळ हस्तलिखित. सभागृहात पियानो नव्हता. मेस्तांच्या घरचा पियानो होता, पण त्यातली दिव्याची सोय त्यांच्यामागे कुणी चालविली नाही आणि निम्म्या पट्ट्या फुगून अडकल्या होत्या. तेव्हा आमच्या भाच्याच्या संगणकावर आभासी पियानो होता त्याचा आश्रय घेतला. सूर त्याने एका छोट्या कीबोर्डवर बोटांनी भरले. त्याच्यापाशी पायाचे पेडल नव्हते. म्हणून पेडलाची रेघ आम्ही दोघांनी पडद्यावर, माउसने, मागाहून ओढली. एका जागी सूर गढूळ वाटले, रेघ खोडली. दुसऱ्या जागी कोरडे वाटले, रेघ लांबविली. पियानोवर जे एकदा वाजले ते वाजले. येथे पश्चात्तापाची गरजच राहिली नाही. संध्याकाळपर्यंत रचना निर्दोष झाली आणि नेमकी म्हणूनच ती निर्जीव वाटू लागली. तेव्हा ती सरकती खूण आमच्या दृष्टीस पडली. आम्ही ती उजवीकडे नेली. करकर झाली. सुस्कारा आला. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. इतके ते जिवंत वाटले.

कार्यक्रमात ती रचना ध्वनिवर्धकावरून ऐकविली. 'ऐकविली' एवढेच निवेदन झाले. कुणी वाजविली हे कुणी सांगितले नाही, कारण सांगण्याजोगे काही नव्हते. मेस्तांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. संपल्यावर त्या आमच्यापाशी आल्या, आमचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "हो तांचोच पांय. पावसांत तें पेडल अशेंच वाजतालें." त्यांची समजूत अशी झाली होती की, मेस्तांनी घरी वाजवीत असता कुणीतरी केलेले जुने मुद्रण आम्हांस सापडले. त्यांनी त्याची एक प्रत मागितली. आम्ही मान हलविली. खुलासा करावयास तीन-चार वाक्ये पुरली असती. ती आमच्या तोंडून निघाली नाहीत. आणि खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांला आमच्या कामगिरीचा आनंदच झाला.

आता प्रश्न असा की, यात वावगे काय झाले? अनुकरण हे पाप नव्हे. आपल्या साहित्यशास्त्रात श्रीशंकुकाने नाट्याचा उलगडा करताना चित्रतुरगाचा दाखला दिला आहे. भिंतीवरचा घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. ते ज्ञान खरेही नव्हे, खोटेही नव्हे, संशयही नव्हे, केवळ सादृश्याचेही नव्हे. रंगमंचावरील रामही तसाच. पुढच्या आचार्यांनी या मताचा समाचार घेतला असला तरी एवढे खरे की, प्रेक्षक तिकीट काढून नाटकाला आला आहे, भिंत भिंतच आहे, हे उभयपक्षी ठाऊक असते. चित्रातल्या घोड्यावर बसावयास कुणी जात नाही. पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात, आपला हरवलेला घोडा शोधीत आलेल्या माणसाला ती भिंत दाखविली तर? चित्रकाराने रेषा तीच काढलेली असते. पण त्या घटकेला ती कला उरत नाही.

येथवर विचार सोपा आहे. आमचे एक स्नेही ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहेत. त्यांना हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी आमची थट्टाच केली. ते म्हणाले, "अहो, ध्वनिमुद्रण म्हणजे सारे जोडकामच! ग्लेन गूल्डने १९६४ साली मैफली सोडल्या आणि दहा वेळा वाजवून त्यातले उत्तम तुकडे जोडणे हीच खरी कला असे उघड प्रतिपादन केले. तुम्ही पेडलाची रेघ ओढली, त्याने फीत कापली. फरक काय?" युक्तिवादाला धार होती. पण त्यांनी गूल्डचे नाव काढले म्हणूनच आम्हांला उत्तर सापडले. गूल्ड वाजविताना गुणगुणत असे, आणि त्याची जुनी बुटकी खुर्ची करकरे. त्याच्या मुद्रणांत दोन्ही ऐकू येतात. ही गुणगुण टळावी म्हणून मुद्रण करणाऱ्यांनी खटपट केली, ती पुरती साधली नाही. २००७ साली झेन्फ नावाच्या अमेरिकन कंपनीने त्याच्या १९५५ च्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'च्या मुद्रणावरून प्रत्येक सुराचा व पेडलाचा हिशेब काढला, आणि संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या खऱ्या पियानोवर ते पुन्हा वाजवून घेतले. पट्ट्या खाली जात होत्या, पेडल खाली जात होते. बाकावर कुणी नव्हते. गुणगुण अर्थातच नव्हती. ती त्यांनी मागाहून मिसळली नाही, आणि हे गूल्डने केलेले मुद्रण नसून पुनर्वादन आहे असे वेष्टनावर छापले. त्यांना ती गुणगुण घालता आली नसती असे नाही. घातली असती तर आपण काय म्हटले असते?

आमच्या मते फरक येथे आहे. सूर ऐकताना आपण त्याचा आस्वाद घेतो. करकर ऐकताना आपण तीवरून अनुमान करतो. नैयायिकांचा पर्वतावरील धूर सर्वांस ठाऊक आहे: धूर दिसला म्हणून अग्नी आहे. पण धुके दुरून धुरासारखे दिसले आणि त्यावरून अग्नी ठरविला, तर तो हेतूच असिद्ध, असेही तेच शास्त्र सांगते. पेडलाचा आवाज हा धुराच्या जातीचा आहे. तो कुणी मुद्दाम करीत नाही. तो टाळण्यासाठीच तीनशे वर्षे खर्ची पडली. म्हणूनच त्यावर आपला विश्वास सुरापेक्षाही अधिक बसतो. साक्षीदाराच्या घोटून पाठ केलेल्या जबानीपेक्षा त्याच्या तोंडून नकळत निसटलेल्या शब्दावर न्यायाधीशाचा बसतो तसा. गोड सूर कुणीही काढू शकेल, पण करकर म्हणजे येथे कुणीतरी बसले होते, त्याला पाय होता आणि त्या दिवशी हवा दमट होती. जे नकळत घडते म्हणून विश्वसनीय, तेच कळून-सवरून घडविणे हा प्रकार गोड सुराची नक्कल करण्याहून निराळा आहे. आम्ही त्या बाईंना खोटा सूर ऐकविला नाही. आम्ही त्यांच्यापुढे खोटा साक्षीदार उभा केला.

मग ती सरकती खूणच काढून टाकावी काय? नाही. आमचा भाचा आता पायाचे पेडल जोडून, कानांत हेडफोन घालून, शेजाऱ्यांची झोप न मोडता रात्री सराव करतो. खऱ्या पियानोचे पैसे त्याच्यापाशी नाहीत आणि असते तरी आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तो टिकविणे हा दुसरा धंदा होऊन बसतो. तो ती खूण मुद्दाम थोडी उजवीकडे ठेवतो. पेडल झटकन सोडले की 'धप्' असा आवाज मोठा येतो, सावकाश सोडले की येत नाही. त्यावरून त्याला आपल्या पावलाची चूक कळते. तेथे यंत्र खोटे बोलत नाही, कारण पाऊल त्याचे आहे. लाकूड नसले तरी पाऊल आहे. आमच्या रचनेत पाऊलच नव्हते. आमचा आवाज आणि त्याचा आवाज एकाच साठ्यातून, एकाच खुणेने निघाले. एक खरा आणि एक खोटा. तेव्हा दोष यंत्रावर ढकलण्याची वाट आम्हांस बंद आहे.

कुणी म्हणेल, त्या वृद्ध बाईंना समाधान मिळाले, ते का हिरावून घ्यावे? हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेक महिने घातला, आणि दर वेळी उत्तर आमच्या सोयीचे आले. यावरूनच आम्हांला त्याचा संशय येऊ लागला. त्यांना समाधान मिळाले ते सुरांमुळे नव्हे. पतीचे पाऊल पुन्हा ऐकले या समजुतीने. आणि मेस्तांची बाजू कोण मांडणार? ज्यांनी हस्तलिखितात पेडलाची एक खूण लिहिली नाही, कारण ती त्या त्या वेळी कानाने ठरवावयाची, त्यांच्या नावावर आम्ही आमच्या माउसने ओढलेली पेडले चढविली होती. त्यांची पत्नी ती त्यांची म्हणून ओळखीत होती. हळूहळू त्यांच्या आठवणीतले खरे पाऊल आणि आमची करकर एकमेकांत मिसळली असती. पेडल दाबूनच ठेवले तर मागचा सूर पुढच्यात मिसळतो तशी.

गेल्या जुलैत आम्ही त्यांच्याकडे गेलो. पाऊस होता. पियानोवर पांढरे कापड होते आणि त्यावर त्या मुद्रणाची प्रत. आम्ही सारे सांगितले: कीबोर्ड, रेघ, ती खूण. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "मागीर तो पांय कोणाचो?" आम्ही म्हणालो, कुणाचाच नाही. त्यांनी मान हलविली. रागावल्या असे दिसले नाही. चहा झाला, नातवंडांच्या गोष्टी झाल्या. निघताना त्यांनी एवढेच सांगितले की, रचना ठेवा, पण तेवढा आवाज काढून टाकून द्या. दुसऱ्या दिवशी आम्ही ती खूण पार डावीकडे नेली आणि नवी प्रत पाठविली. सोबत हस्तलिखिताची छायाप्रत ठेवली, आणि पेडलाची स्थाने आमची आहेत, मेस्तांची नव्हेत, असे तीवर लिहिले. ती प्रत त्यांनी ऐकली की नाही, हे आम्ही अजून विचारलेले नाही.